नवख्याचा अधिकार : अद्भुतरम्य भूमिकाखेळ आणि वऱ्हाडातील लीलापरंपरा

१

अद्भुतरम्य भूमिकाखेळ ही गेल्या पन्नास वर्षांत रूढ झालेली एक कथनपद्धती आहे. चार-सहा माणसे एका मेजाभोवती बसतात. त्यांतील एक जण प्रसंग वर्णन करतो; उरलेले आपापल्या पात्राच्या वतीने बोलतात आणि ते पात्र काय करते ते सांगतात; कृतीची निष्पत्ती अनिश्चित असेल तेथे फासा टाकला जातो. खेळणारे या प्रकाराला ‘रोल-प्लेइंग गेम’ किंवा थोडक्यात ‘आरपीजी’ म्हणतात. येथे त्यासाठी ‘भूमिकाखेळ’ ही संज्ञा वापरली आहे.

मराठी समीक्षेने या प्रकाराकडे फारसे लक्ष दिलेले नाही, आणि त्याला कारणे आहेत. पहिले कारण अद्भुताच्या मराठीतील स्थानाशी निगडित आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांच्यापासून मराठी कादंबरीचा आरंभकाळ अद्भुताने व्यापलेला होता. हरिभाऊ आपट्यांच्या सामाजिक कादंबऱ्यांनंतर मात्र अद्भुत ही कादंबरीची बाल्यावस्था ठरली. वास्तवाकडे जाण्याचा मार्ग म्हणजेच प्रौढत्वाचा मार्ग, हे समीकरण आपल्या वाङ्मयेतिहासात खोलवर रुजले. ज्या कथनप्रकारात राक्षस, मंत्र आणि भुयारे आहेत, तो समीक्षेच्या कक्षेबाहेर राहिला यात नवल नाही. दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. भूमिकाखेळाला स्थिर संहिता नसते. नियमांची पुस्तके असतात. परंतु नियम म्हणजे कथा नव्हे. कथा बोलण्यात घडते आणि बोलणे संपताच विरते. संहितेवर उभी असलेली समीक्षा अशा वेळी कशाचे वाचन करणार?

या खेळाच्या इतिहासाकडे पाहण्याचा एक दुर्लक्षित कोन नवख्या खेळाडूचा आहे. ज्याला नियम ठाऊक नाहीत, ज्याने पूर्वी असे काही केलेले नाही, त्याला कथेत बोलण्याचा अधिकार कसा मिळतो? प्रस्तुत लेखात हा प्रश्न मध्यवर्ती मानला आहे. त्याचे उत्तर शोधताना वऱ्हाडकडे, विशेषतः दर्यापूरच्या परिसराकडे, वळण्याचे प्रयोजनही त्यातच आहे. दर्यापूर अमरावती जिल्ह्याच्या पश्चिम भागात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात वसलेले आहे. याच जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात ‘लीळा’ ही संज्ञा मराठी गद्याच्या केंद्रस्थानी आली. आणि पूर्वी दर्यापूर तालुक्यात असलेल्या शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी विसाव्या शतकात श्रोत्याच्या उत्तरावर चालणारे कीर्तन घडवले. या दोन्ही परंपरांत ‘न जाणणाऱ्या’च्या बोलण्याला विशिष्ट स्थान आहे. ते स्थान समजून घेतल्यास भूमिकाखेळाचे रूप अधिक स्पष्ट होते, अशी या विवेचनाची भूमिका आहे.

२

भूमिकाखेळाचा रूपबंध समजण्यासाठी मराठी वाचकाला दोन परिचित खेळ पुरेसे आहेत : भातुकली आणि सारीपाट. भातुकलीत भूमिका असते, पण हार-जीत ठरवणारा नियम नसतो. कोण आई, कोण पाहुणा, हे बोलण्याने ठरते. लग्न लागते, भांडण होते, पंगत उठते. काहीही अनिश्चित नसते, कारण सर्वांच्या संमतीनेच सर्व घडते. सारीपाटात याच्या उलट स्थिती आहे. तेथे नियम काटेकोर, दान अटळ; परंतु सोंगटीला नाव-गाव नाही, ती कोणाची भूमिका करीत नाही.

फ्रेंच विचारवंत रॉजे काय्वा यांनी १९५८ साली खेळांची जी मीमांसा केली, तीत स्पर्धा, दैव, अनुकरण आणि भोवंड असे चार वर्ग कल्पिले होते. त्याचबरोबर त्यांनी असेही प्रतिपादन केले की, खेळ एक तर नियमबद्ध असतात किंवा कल्पित असतात. नियम आणि कल्पित ही एकमेकांची जागा घेणारी तत्त्वे आहेत. भातुकली आणि सारीपाट यांच्यापुरते हे विधान यथार्थ आहे. सोळा वर्षांनी अवतरलेल्या भूमिकाखेळाने मात्र त्याला छेद दिला. येथे भातुकलीतील भूमिका आणि सारीपाटातील दान एकाच वेळी काम करतात, आणि एकाशिवाय दुसरे निरर्थक ठरते.

मोक्षपटाचा विचारही येथे उद्बोधक ठरतो. ज्याचे जनकत्व परंपरा ज्ञानदेवांना देते आणि ज्याचे आज उपलब्ध असलेले पट बरेच उत्तरकालीन आहेत, त्या मोक्षपटात घरांना सद्गुण-दुर्गुणांची नावे आहेत. शिडी चढणे म्हणजे पुण्य, साप गिळणे म्हणजे अधःपात. दानाला अर्थ प्राप्त झाला, सोंगटीला जीवाचे रूप आले. तरीही खेळणाऱ्याला निवड नाही. कवड्या पडतील तेथे जायचे. मोक्षपट कथा सांगतो, पण खेळणाऱ्याला विचारीत नाही. भूमिकाखेळाचा प्राण या विचारण्यात आहे.

एक साधे उदाहरण घेता येईल. सूत्रधार सांगतो : नदीला पूर आहे, पलीकडच्या काठावरील पडक्या गढीत दिवा हलताना दिसतो, नाव आहे पण नावाडी नाही, आता काय कराल? एक खेळाडू म्हणतो, माझे पात्र कमरेला दोर बांधून पोहत जाईल. हे जमेल की नाही ते कोणालाच माहीत नसते. सूत्रधार मनाशी काठिण्याचा अंक ठरवतो, समजा १५. खेळाडू वीस पृष्ठांचा फासा टाकतो. १२ पडतात, पात्राच्या अंगबळाचे ३ मिळवले जातात. १५ होतात आणि पात्र पैलतीरी लागते. तेच ११ पडले असते, तर दोर निसटला असता, आणि तो निसटल्यावर काय झाले हा पुढच्या कथेचा विषय ठरला असता. महाभारतातील द्यूतात फासा राज्य कोणाचे हे ठरवतो. येथे फासा सांगितलेली कृती तडीस गेली की नाही एवढेच ठरवतो. कृती कोणती, हे सांगणे खेळाडूकडे राहते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ गॅरी ॲलन फाइन यांनी ‘शेअर्ड फँटसी’ (१९८३) या अभ्यासात गॉफमन यांच्या चौकट-संकल्पनेच्या आधारे या खेळातील तीन पातळ्या दाखवल्या : व्यक्ती, खेळाडू आणि पात्र. मेजाशी बसलेल्या व्यक्तीला भूक लागते; खेळाडूला नियम आणि अंक ठाऊक असतात; पात्राला त्यांतले काहीच ठाऊक नसते, त्याला फक्त पूर आणि दिवा दिसतो. अनुभवी खेळाडू या तिन्हींमध्ये सहज ये-जा करतो. नवख्याची अडचण मधल्या पातळीवर असते. तो व्यक्ती म्हणून उपस्थित असतो, पात्र म्हणून उत्तर देऊ शकतो; फक्त ‘खेळाडू’ अजून झालेला नसतो. ही मधली पायरी चढल्यावाचून त्याला बोलू द्यावे काय, या प्रश्नाभोवती या खेळाचा इतिहास फिरतो.

३

भूमिकाखेळाचा उगम कथेत नसून युद्धाच्या सरावात आहे. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी राइस्वित्झ याने, आपल्या पित्याच्या कल्पनेचा विस्तार करून, नकाशावर खेळावयाच्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात एक पंच असे. दोन्ही पक्ष आपले हुकूम पंचाला देत. संपूर्ण चित्र पंचालाच दिसे. हानी किती झाली हे फासे आणि तक्ते यांवरून काढले जाई. पुढे १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्याने तक्त्यांचे ओझे उतरवून पंचाच्या अनुभवावर निर्णय सोपवावा असा विचार मांडला. त्यानंतर चार वर्षांनी, १८८० मध्ये, अमेरिकन सैन्यातील चार्ल्स टॉटन याचा ‘स्ट्रॅटेगॉस’ हा ग्रंथ आला. एच. जी. वेल्स यांनी १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’मध्ये हाच खेळ खेळण्यातल्या शिपायांसह घराच्या जमिनीवर आणला.

पंच हा भूमिकाखेळाच्या सूत्रधाराचा पूर्वज. पण पंच न्याय देतो, कथा सांगत नाही. हे परिवर्तन १९६९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे घडले. टॉटनच्या ग्रंथातून डेव्हिड वेस्ली या तरुणाने एक गोष्ट उचलली होती : खेळाडूने काहीही करून पाहावे, ते शक्य आहे की नाही हे पंचाने ठरवावे. नेपोलियनच्या काळातील ब्राउनस्टाइन नावाचे एक काल्पनिक जर्मन नगर कल्पून त्याने खेळाडूंना सेनापतींखेरीज नागरिकांच्याही भूमिका वाटून दिल्या. युद्ध सुरू होण्यापूर्वीच खेळाडू परस्परांत खलबते करू लागले आणि आखलेला क्रम पार विस्कटला. वेस्लीला वाटले, प्रयोग फसला. खेळाडूंनी मात्र तो पुन्हा मांडण्याचा आग्रह धरला. ज्या विस्कळीतपणाला योजकाने अपयश मानले, त्यातच नवे रूप दडलेले होते, कारण तेथे प्रथमच खेळाडूचे बोलणे ही खेळाची मुख्य सामग्री झाली.

त्या खेळाडूंपैकी डेव्ह आर्नेसन याने १९७१ च्या सुमारास ‘ब्लॅकमूर’ हे अद्भुत राज्य आणि त्याखालील भुयारे कल्पून तोच प्रयोग पुढे नेला. त्याच वर्षी विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा येथील गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे मध्ययुगीन युद्धखेळाचे ‘चेनमेल’ हे पुस्तक आले होते. त्याच्या अखेरीस चेटके आणि राक्षस यांच्यासाठी पुरवणी जोडलेली होती. आर्नेसन आणि गायगॅक्स यांच्या सहकार्यातून १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाले : एका खोक्यात तीन लहान पुस्तिका, पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची. मुखपृष्ठावर ‘भूमिकाखेळ’ हा शब्द नव्हता. मध्ययुगीन अद्भुत युद्धखेळाचे नियम असेच त्याचे वर्णन होते. नव्या रूपाला स्वतःचे नावही अद्याप सापडले नव्हते.

४

१९७४ च्या या पुस्तिका नवख्याला जवळजवळ अगम्य होत्या. वाचकाला युद्धखेळ ठाऊक आहेत, ‘चेनमेल’ त्याच्यापाशी आहे, असे त्या गृहीत धरीत. मात्र तिसऱ्या पुस्तिकेत एक वेगळा मजकूर आला : पंच आणि खेळाडूंचा प्रवक्ता यांच्यातील एका काल्पनिक संवादाचा नमुना. भुयाराचे वर्णन, त्यावर प्रश्न, उत्तर, निर्णय. तक्त्यांच्या त्या गर्दीत खेळ प्रत्यक्षात कसा ऐकू येतो हे या संवादानेच कळत असे. नियम सांगून जे साधत नव्हते, ते संवाद दाखवून साधले. पुढील बहुतेक नियमपुस्तकांनी हा नमुना-संवाद कायम ठेवला आहे, आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाने अशा पुस्तकाचे वाचन तेथूनच सुरू करणे उचित होय.

आरंभीची काही वर्षे हा खेळ मुखपरंपरेने पसरला. जाणत्याजवळ बसून शिकावे, शिकल्यावर दुसऱ्याला शिकवावे, असा क्रम होता. त्यामुळे गावोगावी नियमांचे पाठभेद तयार झाले. १९७७ मध्ये जे. एरिक होम्स या वैद्यकाच्या प्राध्यापकाने नवख्यांसाठी पहिली स्वतंत्र संपादित आवृत्ती सिद्ध केली. ती पात्राच्या पहिल्या तीन श्रेणींपुरतीच होती. १९८१ मध्ये टॉम मोल्डव्हे यांनी ती पुन्हा लिहिली. १९८३ मध्ये फ्रँक मेंट्झर यांच्या आवृत्तीने मात्र मूलभूत बदल केला. खेळाडूसाठीचे तिचे पुस्तक नियमांनी सुरू होत नाही. ते गोष्टीने सुरू होते. वाचकाला द्वितीय पुरुषात संबोधून एका योद्ध्याची भूमिका दिली जाते; गुहेत त्याला अलीना ही उपासिका भेटते, तिचा मृत्यू होतो, आणि हे घडत असताना एकेक नियम ओघाने कळत जातो. प्रथम पात्र, मग खेळाडू, असा उलटा क्रम येथे आला. मधली पायरी ओलांडून नवखा थेट तिसऱ्या पातळीवर पोचला.

हा क्रम पुढे रूढ झाला. २०१४ मध्ये याच खेळाची पाचवी आवृत्ती निघाली तेव्हा मूलभूत नियम विनामूल्य उपलब्ध करण्यात आले आणि नवख्यांच्या संचात तयार पात्रे दिली गेली. पात्र घडवण्याची किचकट प्रक्रिया पहिल्या बैठकीतून वगळली गेली. जानेवारी २०२३ मध्ये या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. श्रेयनिर्देश करून तो कोणत्याही भाषेत आणता येतो, म्हणजे मराठीतही.

नियमपुस्तकांच्या या इतिहासातून एक निष्कर्ष निघतो. भूमिकाखेळ वाङ्मयीन झाला तो त्यात वीर आणि राक्षस आले म्हणून नव्हे. ते ‘चेनमेल’च्या पुरवणीतही होते. नियम न जाणणाऱ्याने दिलेले उत्तर कथेचा ग्राह्य भाग ठरू लागले, तेव्हा तो वाङ्मयीन झाला. नवख्याने फक्त एक जाणावे लागते : आपल्या पात्राला काय दिसते आणि ते काय करू इच्छिते. बाकीचे सूत्रधार आणि फासा पाहून घेतात.

५

आता रिद्धपूरकडे वळता येईल. लीळाचरित्राच्या एकांकात येणारी चक्रधरांची पूर्वकथा द्यूताशी निगडित आहे. गुजरातेतील भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरिपाळ द्यूतात हरतो. देणे फेडण्यासाठी पत्नीचे अलंकार मागतो, तिच्या नकाराने विरक्त होतो, रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून निघतो आणि वाटेत रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात येतो. मराठीच्या पहिल्या मोठ्या गद्यचरित्राच्या प्रारंभी फाशांचा डाव आहे, आणि त्या डावातून उठून नायक ज्या ठिकाणी येतो तेथे खेळाचे दुसरेच रूप त्याची वाट पाहत असते.

ते रूप गोविंदप्रभूंचे. ग्रामस्थांना ‘राऊळ’ वेडे वाटत. भक्तांच्या दृष्टीने ते परमेश्वरावतार. त्यांच्या प्रत्येक वागण्याला भक्त ‘लीळा’ म्हणत. गोविंदप्रभूचरित्राचे इंग्रजी भाषांतर ॲन फेल्डहाउस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केल्यापासून वेडेपणा आणि देवत्व यांच्या या सरमिसळीची चर्चा मराठीबाहेरही झाली आहे. त्यातील एक प्रसंग येथे महत्त्वाचा. परंपरा सांगते की, गोविंदप्रभूंना विवाहाची लहर आली. भक्तांनी लग्नाची तयारी मांडली आणि महदाइसेने धवळे गायिले. धवळे म्हणजे वरासाठी गावयाची लग्नगीते. महदाइसेने विषय घेतला कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचा. आद्य मराठी कवयित्रीची रचना अशी एका मांडलेल्या विवाहातून जन्मली.

फाइन यांच्या तीन पातळ्या या प्रसंगाला लावून पाहता येतात. रिद्धपूरचे राऊळ ही व्यक्ती. लग्नविधीतील वर ही मांडणीतील भूमिका. आणि महदाइसेच्या गीतातील कृष्ण हे पात्र. महदाइसाही एकाच वेळी शिष्या आहे, लग्नातील वऱ्हाडीण आहे आणि रुक्मिणीच्या कथेची निवेदिका आहे. प्रसंगाला संहिता नव्हती. मागणी आली आणि तिला मिळालेल्या प्रतिसादातून संहिता निर्माण झाली. लीळाचरित्रात महदाइसा सतत प्रश्न विचारणारी शिष्या म्हणून दिसते. न कळलेले विचारण्याचा तिचा स्वभाव आणि ऐन वेळी गाण्याची तिची क्षमता यांत नाते असावे, असे मानण्यास जागा आहे. दोन्हींचा पाया समोर घडणाऱ्या गोष्टीला निःसंकोच प्रतिसाद देणे हाच आहे.

साम्य येथवरच नेता येते. रिद्धपूरच्या विवाहात फासा नव्हता, अनिश्चितता नव्हती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, भक्तांच्या लेखी लीळा हे ‘खोटे-खोटे’ नव्हते. भूमिकाखेळाच्या मेजावरून उठताना ‘हा खेळ होता’ असे म्हणण्याची मुभा असते. लीळेच्या श्रद्धाविश्वात तशी मुभा नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत काही धार्मिक गटांनी भूमिकाखेळाला विरोध केला तो या दोहोंतील भेद न ओळखल्यामुळेच : पात्राने म्हटलेला मंत्र व्यक्तीने म्हटला असे त्यांनी मानले. ‘हे सर्व आपल्याकडे आधीच होते’ असा निष्कर्ष रिद्धपूरवरून काढणेही त्याच जातीची गफलत ठरेल. दोन परंपरांमध्ये वंशसंबंध नाही. आहे तो एक समान प्रश्न : घडलेल्या खेळाची संहिता कशी होते?

या प्रश्नाचे महानुभावांनी दिलेले उत्तर असामान्य आहे. चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटाने ज्यांनी ज्यांनी लीळा पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांना गाठले, त्यांच्या आठवणी टिपल्या, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या आणि जेथे दोघांच्या सांगण्यात फरक होता तेथे तो फरक नोंदवला. मूळ पोथी पुढे धाडीच्या धामधुमीत नष्ट झाली आणि अनुयायांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली. म्हणून तिचे अनेक पाठ आहेत. वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये संपादित केलेली आवृत्ती या पाठपरंपरेच्या दीर्घ अभ्यासातून आली. लीळाचरित्र एकट्या लेखकाचे नाही. सहभागी झालेल्यांच्या स्मृतींचे ते संघटन आहे.

याच परंपरेने एक भिंतही उभारली. महानुभावांच्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या गेल्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांची उकल होईपर्यंत हे वाङ्मय पंथाबाहेरच्या वाचकाला बंद राहिले. जे बोलण्यात सर्वांसाठी खुले होते, ते लेखनात दीक्षितांपुरते उरले. १९७४ च्या पुस्तिकांचे आणि नवख्याचे नाते, फार लहान प्रमाणावर आणि वेगळ्या कारणाने, असेच होते. खेळ सोपा होता. त्याची लिपी अवघड होती.

६

लिपीची भिंतच नसलेले रूप पाहायचे तर गाडगेबाबांच्या कीर्तनाकडे यावे लागते. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावी जन्मलेले, मूर्तिजापूरजवळील दापुऱ्याला मामाकडे वाढलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर यांना शाळा मिळाली नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग यांची आखीव रचना असते. श्रोता ऐकतो, गजरात साथ देतो. गाडगेबाबांनी हा क्रम मोडला. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि थांबत. हजारोंच्या समुदायातून उत्तर येई. त्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न येई. १९५६ मध्ये, निधनाच्या थोडेच दिवस आधी, मुंबईत वांद्रे येथे झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात श्रोत्यांचा आवाज हा कीर्तनाचा अर्धा भाग आहे.

या कीर्तनात श्रोत्याची पात्रता काय? त्याला वेदान्त ठाऊक असण्याची गरज नाही, अक्षरओळखही नको. कर्ज काढून केलेली जत्रा, देवापुढे कापलेले बकरे, दारूपायी गेलेले शेत यांविषयी विचारले असता स्वतःच्या जगण्यातून उत्तर देता आले की पुरे. प्रश्नाची रचनाच अशी की न जाणणाऱ्याला उत्तर देता यावे, आणि उत्तर दिल्यावर त्याला स्वतःच्या बोलण्याचा परिणाम भोगावा लागावा. नवख्याच्या अधिकाराची ही नेमकी रीत आहे : प्रश्न त्याच्या आवाक्यातला, परिणाम त्याच्या हातून घडलेला.

अर्थात येथेही भेद आहे. गाडगेबाबांना कीर्तन कोठे पोचवायचे ते ठाऊक होते. उत्तर कोणतेही येवो, वाट स्वच्छतेकडे, शिक्षणाकडे, कर्जमुक्तीकडेच जाई. भूमिकाखेळातील सूत्रधाराला शेवट आधी ठरवता येत नाही. ठरवून ठेवल्यास खेळाडूचे उत्तर दिखाऊ ठरते. प्रबोधन आणि खेळ यांच्यातील हा फरक पुसून चालणार नाही. तरीही प्रश्न विचारून थांबण्याची, आलेले उत्तर गंभीरपणे घेण्याची ही कला सूत्रधाराला नियमपुस्तकापेक्षा त्या ध्वनिमुद्रणातून अधिक चांगली शिकता येईल.

७

दर्यापूरसारख्या गावी मराठीचे विद्यार्थी हा खेळ प्रथमच मांडतील तेव्हा त्यांना तीन-तीनशे पानांच्या इंग्रजी ग्रंथांची आवश्यकता नाही. चार-पाच माणसे, एक वीस पृष्ठांचा फासा, प्रत्येक पात्राविषयी दोन-तीन ओळी आणि पहिला प्रश्न विचारण्यास तयार असलेला सूत्रधार, एवढी सामग्री पहिल्या बैठकीला पुरते. पात्र घडवण्याचे तपशील दुसऱ्या बैठकीवर ढकलता येतात. नियमपुस्तकांच्या इतिहासाने हे सिद्ध केले आहे.

खरी कसोटी भाषेची आहे. पात्र बोलते, पण कोणत्या मराठीत? उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) मध्ये वऱ्हाडी पात्रांच्या तोंडी आली; पुरुषोत्तम बोरकरांच्या ‘मेड इन इंडिया’ (१९८७) मध्ये ती निवेदनाचीच भाषा झाली. छापील कादंबरीला ही वाट चालण्यास दीर्घ काळ लागला. मेजावर हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत उभा राहतो. सूत्रधार प्रमाण मराठीत वर्णन करू लागला आणि खेळाडूंनीही तशीच उत्तरे द्यावीत अशी अपेक्षा निर्माण झाली, तर नवखा गप्प बसेल; नियम ठाऊक नाहीत म्हणून नव्हे, भाषा चुकेल या धास्तीने. इंग्रजी नियम ही एक लिपी, प्रमाणभाषा ही दुसरी. भिंत म्हणून दोन्हींचे काम एकच. उलट वऱ्हाडीत विचारलेल्या प्रश्नाला वऱ्हाडीत उत्तर आले, तर परकीय पुस्तकातला खुजा योद्धा किंवा चेटकी त्या बोलीत वेगळेच व्यक्तित्व धारण करतील. अद्भुताने मराठीत वयात यायचे असेल, तर ते भाषांतरित नावांनी येणार नाही. अशा उत्तरांतून येईल.

समीक्षेपुढील काम यातूनच निश्चित होते. भूमिकाखेळाची बैठक संपल्यावर मागे काय उरते? पात्रांच्या पत्रिका, एखादा खोडलेला नकाशा आणि चार-पाच जणांच्या परस्परांशी न जुळणाऱ्या आठवणी. संहितेचा आग्रह धरणाऱ्या अभ्यासकाला हा अवशेष तुटपुंजा वाटेल. लीळाचरित्राच्या पाठचिकित्सेत वाढलेल्या मराठी अभ्यासकाला तसे वाटण्याचे कारण नाही. रिद्धपूर येथे आज मराठी भाषा विद्यापीठ उभे आहे; अमरावतीच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचे नाव आहे. या परिसरात हा अभ्यास हाती घ्यायचा झाल्यास पद्धती नव्याने शोधण्याची गरज नाही. बैठकीनंतर प्रत्येक सहभागी व्यक्तीला स्वतंत्रपणे गाठावे, काय घडले ते विचारावे, सांगण्यातील फरक मिटवू नये. त्यातही नवख्याची हकीकत आधी टिपावी. काय गाळायचे हे त्याला अजून कळलेले नसते.